अर्धं जुनं

रविवार. चौथ्या मजल्यावर मी
आणि फ्रीजरची घरघर.
टाम्पेरे गावावर उणे एकवीस पडलंय,
तळं इतकं घट्ट की त्यावरून ट्रक जातील.
आत, स्टीलच्या कपाटात, सदतीस.
पेशींना रविवार कळत नाही.

अठ्ठावीस दिवसांचे न्यूरॉन.
गुलाबी पाण्याखाली तळाला धरून बसलेले,
प्रत्येकाने बोट लांबवून
शेजारचा चाचपलेला.
गुलाबी पिवळट होऊ लागलं की समजायचं,
भूक लागलीय.

सगळं पाणी कधी बदलायचं नाही.
तूक्का नवा आला तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
अर्धं काढ, अर्धं राहू दे.
त्या जुन्यात त्यांनी आपलं काहीतरी सोडलेलं असतं
एकमेकांसाठी; काय काय, ते अजून
कुणाच्याच यादीत नीट आलेलं नाही.
त्याने सगळं उपसलं. सोमवारी ताटलीत
नुसते मणी. दोरा नाही.

माझी आई दह्याच्या वाडग्यात
कालचा एक चमचा राखायची.
युद्धात गाव सोडताना तिच्या आईने
विरजण फडक्यावर वाळवलं
आणि पोरीच्या परकराच्या नेफ्यात शिवलं.
गाव तिकडेच राहिलं, सीमेपलीकडे.
दही अजून लागतं.

या पेशी आउलिस केट्टुनेनच्या.
म्हणजे त्याच्या दंडावरची कातडी, तांदळाएवढी.
तिला मागे मागे नेलं, अजून काहीच न ठरल्यापर्यंत,
आणि तिथून मेंदूच्या वाटेला लावलं.
त्याचं नाव मला कळायलाच नको होतं,
आमच्याकडे आकडा असतो.
पण ऑक्टोबरात तो स्वतःच जिन्यात उभा,
एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस,
फिट यायला लागल्यापासून लायसन्स गेलेलं,
टोपी हातात. "बघू का?"

नियमात बसत नव्हतं.
मी त्याच्यासाठी खुर्ची खाली केली.

बराच वेळ डोळा लावून होता.
मग म्हणाला, "यांना हेर्वांताचा रस्ता माहीत असेल?"
नाही, म्हटलं. यांनी काहीच पाहिलेलं नाही.
"मग बरंय."
आणि जरा वेळाने, "बिचारे."

पडद्यावर त्यांची वीज दाखवली.
सगळे एकदम पेटतात, मग गप्प;
दार वाजलंसं वाटून
घरातल्या सगळ्यांनी मान वर करावी
आणि दारात कुणी नसावं, तसं.
त्याने आपल्याच कपाळाला हात लावून पाहिला,
पोराचा ताप बघतात तसा.

पुढच्याच पंधरवड्यात बुरशी.
एका कोपऱ्यात कापसाचा ठिपका,
दुसऱ्या दिवशी अर्धी ताटली.
ब्लीच ओतलं. गुलाबी उडून गेलं.
वीस मिनिटं थांबायचं असतं, कुणी थांबत नाही.
मी थांबले.

नाताळात त्याचं कार्ड आलं, लॅबच्या पत्त्यावर.
बटाटे यंदा बरे झाले, मुलगी औलूला गेली,
आणि शेवटी: "तिकडच्यांना नमस्कार."

उत्तर लिहायला बसले.
गेले, असं लिहू? कोण गेले?
तो तर तिकडे फावडं घेऊन बर्फ उपसत असेल.
नायट्रोजनच्या पिंपात अजून बावीस कुप्या होत्या
त्याच आकड्याच्या.
लिहिलं: "हिवाळ्यात आहेत. जानेवारीत उठवू."

उठवले. हेच ते.
आता पिपेट तिरकी धरून
अर्धं काढते,
नवं कडेकडेने सोडते, त्यांच्या अंगावर नाही.
उघड्या ताटलीवर बोलायचं नसतं, थुंकी उडते.

झाकण लावते.
मग सांगते:
आउलिसने नमस्कार सांगितलाय.