हातचा

तेओफिला म्हणते, एवढ्या पैशांत
न्हाणीघराला फरशी झाली असती.
झाली असती. खोटं कशाला बोलू.
मीही पाहून ठेवली होती, निळसर,
कडेला बारीक शिंपल्यांची नक्षी.

म्हणून ही वही.
सायकल, एका दंतवैद्याने वापरलेली: सहा हजार चारशे झ्लॉटी.
पोहायचा रबरी सूट: नऊशे.
बूट दोनदा; पहिले आखूड निघाले
तरी हट्टाने तेच घालून धावले,
अंगठ्याचं नख गेलं, त्याची किंमत लिहिलेली नाही.
स्पर्धेची फी: सातशे ऐंशी, परत मिळत नाही.
केळी. केळी मोजणं सोडून दिलं.

समोरच्या पानावर जमा:
मोटार विकली, तिचा विमा वाचला.
गुडघ्याच्या डॉक्टरचे पैसे वाचले,
असं लिहिलं होतं. खोडलं. वाढलेत.
काकडीच्या लोणच्याचं पाणी, पेटक्यांवर, घरचंच, फुकट.
झोप.
झोपेपुढे आकडा काय घालायचा
ते अजून कळलेलं नाही.

बावन्नाव्या वर्षी ही चैन, म्हणते बहीण.
मी जमिनीवर बसून चेनला तेल देत असते.
हो म्हणते.

ती अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणणाऱ्यांतली.
मी सव्वीस वर्षं ग्दीनियाच्या धक्क्यावर
चाळीस मीटर उंच काचेच्या पेटीत बसले,
दोन दांडे, एक खुर्ची, पायांखालीही काच.
पाय पसरायला तिथे जागाच नव्हती.
खाली समुद्र होता. रोज होता.
कधी शिशासारखा, कधी बिअरच्या बाटलीसारखा हिरवा.
मी त्याच्यावरून हजारो कंटेनर उतरवले
आणि एकदाही त्यात बोट बुडवलं नाही.

शेजारच्या क्रेनवर लुदोमिर असायचा.
वाऱ्याने काम थांबलं की आम्ही एकमेकांना हात करायचो,
बस, एवढीच ओळख, एकोणीस वर्षांची.
त्या गुरुवारी त्याची क्रेन थांबली.
मी हात केला.
तो बसलेला होता, माझ्याकडेच तोंड करून.
पुन्हा केला.
वाटलं, रागावलाय.
मीही मग तोंड फिरवलं, सँडविच खाल्लं.
तासाने शिडीवरून माणसं चढताना दिसली.

हे वहीत नाही.
शाळेत बाई सांगायच्या, हातचा धरायला विसरू नका,
नाहीतर बेरीज सगळी चुकते.
माझी लेक याग्ना हिशेबनीस आहे,
तिने दोन्ही पानं तपासली, पेन्सिलीने खालून रेघ मारली,
आई, म्हणाली, हे कुठूनच जुळत नाही.
मग थोड्या वेळाने: फी कधीपर्यंत भरायचीय?

मे महिन्यात पाणी अकरा अंश.
पहिल्यांदा उतरले तेव्हा
श्वास छातीत शिरेचना, नुसता दारात उभा,
आणि मी मोठ्याने शिव्या दिल्या, किनाऱ्यावरचा कुत्रा भुंकला.
आता आठशे मीटर जाते. हळू.
सायकलवर माझ्या पुढून शाळकरी पोरं जातात.
धावताना तर मी धावतेय
हे बघणाऱ्याला सांगावं लागतं.

स्पर्धा ऑगस्टात आहे. वेळ संपायच्या आत पोचेन न पोचेन.
सूट न्हाणीघरात वाळत असतो
उघड्या सिमेंटच्या भिंतीवर, ठिबकत,
रात्री दिवा लावला की दचकायला होतं:
कोणीतरी उभं आहे.
उभं आहे, बसलेलं नाही. बरं वाटतं.

पाण्यात, दर तिसऱ्या हाताला श्वास घ्यायला वळले
की उत्तरेला क्रेन दिसतात, बोटभर,
त्यांच्या पेट्या तर दिसतही नाहीत.
मी हात उचलते, टाकते, उचलते.
वर कोणी बसलं असेल, वाऱ्याने काम थांबलं असेल,
तर त्याला वाटेल
खाली कोणी बाई
हात करतेय.