एक कोटी एक

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
वायसर पाडणाऱ्या आमच्या प्रेसला
आठ आकड्यांचा काउंटर आहे.
दर ठोक्याला शेवटचं चाक एक दात सरकतं.

एक कोटी भरले त्या संध्याकाळी
मालकांनी मशीनला हार घातला, पेढे वाटले.
फोटोत मेस्त्री मधोमध, मी कडेला, अर्धा.
मग सगळे गेले. माझी रात्रपाळी.
पायडल दाबलं.

१००००००१

दोन्ही टोकांना एकेक उभा,
मध्ये सहा वायसर ओवलेले.
डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तोच.
ह्याला कुणी हार घालणार नव्हतं,
म्हणून मी ठेवून घेतला.

पेटीच्या पुठ्ठ्यावर खडूनं भागायला बसलो.
दोनानं नाही.
तिनानं नाही, आकड्यांची बेरीजच दोन.
साताला चार उरले.
अकराला मात्र
एक मिळव, एक वजा कर, असं शेवटापर्यंत गेलो
आणि हातात शून्य आलं.

सकाळी पॅकिंगच्या हसीना मुजावर म्हणाल्या,
"एक सुटा उरलाय, कशात घालू?"
म्हटलं, शंभराच्या सगळ्या पेट्या फोडा,
अकरा ढीग घाला,
नऊ लाख नऊ हजार एक्याण्णवचा एकेक.
एकही सुटा राहणार नाही.
"अकरा व्हय? मग ह्यो आहेर हाय रं.
शून्यावर संपवू नये म्हणून वरचा एक."
आणि तो वायसर माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला.

आता ढिगाची पाळी. ९०९०९१.
ह्याला कुणी फोडतं का?
दोन, तीन, पाच, सात, तेरा, सदतीस,
सगळ्यांनी एकच सांगितलं: एक उरला.
पुढचे असे एका तोंडानं बोलले नाहीत.

बावड्याकडून मळीचा वास सुरू झाला
तेव्हा मी दोनशे अकरावर होतो.
लाइट गेली की बॅटरीच्या उजेडात चार भागाकार.
एका रात्री चारशे एकविसाला शून्य आलं,
छातीत प्रेससारखं वाजायला लागलं.
पुन्हा केलं. हातचा विसरलो होतो.
एकशे बावन्न उरत होते.

नऊशे त्रेपन्न शेवटचा.
त्याच्या पुढचा मूळ आकडा स्वतःशी गुणला
की ढिगाच्या पार जातो,
म्हणजे तिथून पुढं शोधण्यात अर्थ नाही.
नऊशे त्रेपन्नचा भाग नऊशे त्रेपन्न वेळा गेला
आणि आठशे ब्याऐंशी उरले.
एकशे बासष्ट जणांना विचारून झालं.
गळीत हंगाम कधीच संपला होता.

मेस्त्रींनी विचारलं, "मग निघालं काय?"
काय नाही. फुटत नाही तो.
"त्याला एवढे पुठ्ठे घालवलेस?"
म्हणून ते तेलाचा डबा घेऊन पलीकडे गेले.

काउंटर एव्हाना कुठल्या कुठं पोचला होता.
शेवटी आठ. दोनानं जातो. बघून सोडला.

सुटा वायसर सायकलच्या मडगार्डला बसवलाय.
दसरा चौकाच्या उतारावर
आता खडखडत नाही.