नेम

लाल बंब बाहेर बर्फात उभा केला
आणि त्याच्या जागी साठ घडीच्या खुर्च्या मांडल्या.
कॉफी पातळ. काकवीचा केक लविना हेसचा.
विषय एकच:
नाताळानंतरच्या ठासणीच्या हंगामात
कुठली बंदूक चालेल.

इतिवृत्त मी लिहिते. बावीस वर्षं झाली.
पुलाचा कठडा, रस्त्यावरचं मीठ, कुणाची कुत्री कुणाच्या कोंबड्यांत,
सगळं या एकाच वहीच्या वंशात.

क्लेटन याउंट उठला, टोपी काढून.
माझीही तोंडातूनच भरतात, म्हणाला,
गज माझ्याकडेही आहे, ठासतो मीही.
फक्त ती पावसात पेटते.
दुर्बिणीतून दोनशे पावलांवर
हरणाच्या कानातले केस दिसतात मला.
नीट दिसलं तर नीट मरेल.
यात पाप कुठलं, सांगा.

मागच्या रांगेतून एनॉस ब्रुबेकर.
कोटाच्या बटणाला दोरीने बांधलेली चकमक,
चाळीस हिवाळे त्याने नेम मोडलेला नाही
(नेम चुकला पुष्कळदा).
तो म्हणाला, चाप ओढला की ठिणगी,
ठिणगीने रंजक, रंजकीने बार.
मध्ये एवढीशी फट असते.
ती फट हरणाची.
तुम्ही ती बुजवायला निघालात.

टाळ्या पडल्या. मी लिहिलं: टाळ्या.

मग लविना, हात एप्रनला पुसत,
हॉलमध्ये एप्रन कशाला, पण ती तशीच आली होती.
एनॉस, तुमची सगळ्यांची हरणं सोलते मीच.
मागल्या फेब्रुवारीत एक मादी आणली पोरांनी,
ओढ्याकाठी पडलेली.
खालचा जबडा नव्हता.
पोटात काही नव्हतं, सालसुद्धा नाही.
तुझी फट तिला दाखव.

यावर कुणी काही बोललं नाही.
हीटर तेवढा घरघरला.

मग अधिकारी बोटं मोडत मोजू लागला:
तांब्याची टोपी चालेल का? गोल गोळी, चिंधीत गुंडाळलेली, की
प्लॅस्टिकच्या झग्यातली टोकदार?
दारू सुटी, की वड्या?
नळीवर नुसती माशी, की लाल ठिपका, की भिंग?
मी लिहीत राहिले. पेन थंडीने अडखळत होतं.

अकरा वर्षांची होते तेव्हा
वडिलांचे हातमोजे धरून उभी होते मी, हेमलॉकच्या खाली.
रंजक भपकन पेटली.
बार नाही.
मादीने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं,
आणि वडील नळी तशीच धरून होते, हलले नाहीत,
कारण उशिराही सुटतो कधी कधी.
सुटला. बर्फात गेला.
ती तोवर निघून गेली होती, धावतसुद्धा नव्हती.
वडील हसले. मीही हसले.
मार्चपर्यंत आम्ही घेवडाच खाल्ला,
आणि आई त्या गोष्टीला कधीच हसली नाही.

हे इतिवृत्तात येत नाही.

कागद वाटले. दोन चौकोन, एकात फुली.
सगळे उठल्यावर एनॉस माझ्या टेबलाशी आला,
कागद पुढे केला, कोरा.
हळू म्हणाला, माशी दोन दिसतात हल्ली, रूथ.
डॉक्टर म्हणतो पडदा आलाय.
तू कर फुली.
मी विचारलं, कुठल्या चौकोनात?
त्याने सांगितलं. मी केली.
घडी घालून पेटीत टाकली, इतरांच्या कागदांवर.

काचेतून बघत होते.
ट्रकच्या दाराशी तो उभा, किल्ली हातात,
एकदा लावली, पत्र्यावर घासली.
पुन्हा लावली.
मग थांबला, डाव्या अंगठ्याने भोक चाचपलं,
तिथेच अंगठा ठेवला
आणि त्याच्या कडेने किल्ली सरकवू लागला.
बर्फ पडायला लागला होता.
माझा कोट खुंटीवर होता. मी काढला नाही.