लाभ

साठ ग्रॅम, नौशीन मॅडम म्हणाल्या. रोज.
आधी तेच. मग भाजी.
भाकरी, जागा उरली तर.
जागा किती ते पेनानं काढून दाखवलं:
एक केळं. तेही वेलची.
मी हसले, तर टाके ओढले.

बाप माझा मापाडी, उदगीरच्या मोंढ्यात.
चाळीस वर्षं दुसऱ्यांची तूर, दुसऱ्यांचा हरभरा.
एक असं कधी म्हणाला नाही.
पहिल्या मापाला म्हणायचा, लाभ.
मग दोन, मग तीन.
शाळेतून येताना एकदा हमालांनी मला
पोत्यांच्या काट्यावर उभं केलं.
सगळे हसले.
अप्पापण हसले, हे मी अजून
कुणाला सांगितलेलं नाही.

आता माझ्या ओट्यावर सोनाराचा काटा,
तळहाताएवढा.
पनीर पन्नास, त्यातलं कामाचं नऊ.
घट्ट वरण वाटीभर, सात.
हुलग्याचं माडगं, सासूबाईंच्या हातचं,
किती ते तक्त्यात नाही,
मी अंदाजे पाच धरते.
पावडरच्या डब्यावर व्हॅनिला लिहिलंय,
चव मात्र ओल्या खडूची.
रात्री बेरीज: एकेचाळीस.
काल एकेचाळीस.
परवा अडतीस, आणि एक उलटी.

अंडं? मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.
त्यांनी काही न बोलता अंडं खोडलं,
तिथं लिहिलं, सोयाबीन.
आमच्याकडं सोयाबीन विकतात, मॅडम.
अख्खा तालुका त्यानं पिवळा होतो
आणि घरात शिजवायला दाणा निघत नाही.

तिसऱ्या महिन्यात केस गेले.
कंगव्यात, उशीवर, एकदा तर पोळपाटावर.
सासूबाई गुंडाळी करून दारामागं खोचून ठेवायच्या.
केसांवर भांडी देणारी आली,
तिच्याकडून एक वाटी घेतली त्यांनी,
स्टीलची, लहान.
म्हणाल्या, ही तुला पुरंल.
तेव्हापासून मी तिच्यातच जेवते.

मग येळवस आली.
हाळीच्या रानात कडब्याची कोप,
माठात आंबील, पातेलंभर भज्जी,
सगळा गोतावळा मांडी घालून.
आणि माझ्या हातात ती वाटी.
एवढंच? असं पाच जणींनी विचारलं.
पैसे भरून उपाशी राहायचं, म्हणाली जाऊ,
तर आमच्या गावात फुकटात जमतं की.
आंबीलसुद्धा नको?
जेवताना प्यायचं नसतं, मी म्हटलं.
अर्धा तास. मग.

अप्पा ऐकत होते.
डोळ्यांत मोतीबिंदू, बोटं अजून मापाड्याची.
किती लागतंय म्हणे तुला?
साठ.
साठ काय, पायल्या?
ग्रॅम, अप्पा.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
एवढं बारीक माप त्यांनी आयुष्यात कधी घातलं नव्हतं.

मग स्वतःच्या ताटातली भज्जी पुढं ओढली
आणि वेचायला लागले.
पाला बाजूला. चिंचेचा कोळ बाजूला.
तुरीचा दाणा, पावटा, हिरवा हरभरा,
शेंगदाणे अर्धे करून,
सगळं माझ्या वाटीत.
चमचा भरला, माझ्यापुढं धरला.
लाभ, म्हणाले.

मी तीस वेळा चावलं.
ते थांबले. घाई केली नाही.
गिळल्याचं बघून म्हणाले, दोन.
जाऊ हसायची थांबली.
तीन.
चौथ्याला छातीत दगड बसला,
तशीच उठले, बांधापलीकडं गेले,
ज्वारीच्या आडोशाला
तिन्हीच्या तिन्ही बाहेर.

तोंड धुऊन आले तेव्हा
बाकीचे पांगले होते, बोरांकडं.
अप्पा तिथंच, वाटी हातात,
पुन्हा दाणे वेचत.
अर्ध्या तासानं बस म्हणाले. घाई काय.
ऊन कलंडलं. बसले.
चमचा या वेळी अर्धाच होता.

लाभ.