एक काडतूस कमी

हवालदार मुजावरांनी चहाचा कप बाजूला सारला,
पिवळ्या रुमालाची गाठ सोडली
आणि काडतुसं टेबलावर उभी करून मोजली,
मी वर्गात खडू मोजून घेते तशी.
नोंद पंचवीसची. भरली चोवीस.
"एक कुठाय, ताई?"

मी विट्यातली, गलाईवाल्याची मुलगी.
आमच्या आळीत कुणाचा बाप कटकला, कुणाचा मदुरेला,
आमचे दादा त्रिचूरला.
मुशीत लोकांचं सोनं वितळवायचे
आणि मे महिन्यात घरी यायचे
भुवया जळालेल्या, बोटांना ॲसिडचा वास.

कराड स्टेशनावरच्या त्या रात्रीनंतर परवाना निघाला.
चौघं होते. कमरेचा कसा गेला,
डावा कान गेला.
मग दीड वर्ष विजयनगरच्या कचेरीत हेलपाटे,
चारित्र्याचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब,
आणि अर्जातल्या रकान्यात दादांचं तिरकं अक्षर:
स्वसंरक्षणार्थ.
शेवटचा रफार दोनदा गिरवलेला.

ते घरात आलं तेव्हा दादांनी आधी तराजूत घातलं,
सवयीनं.
साठ तोळ्यांच्या थोडं वर.
आक्का म्हणाली, "एवढं सोनं असतं तर."

दसऱ्याला मूस, चिमटा, वजनं यांच्या रांगेत तेही बसायचं,
हळदकुंकू लावून, अंगावर आपट्याची पानं घेऊन.
निवडणूक लागली की ठाण्यात जमा,
निकाल लागला की परत.
पावत्या घरपट्टीच्या पावत्यांत.
चोर काही आला नाही.
एकदा मुंगूस आलं.
एकदा रात्री दोनला कडी वाजली
आणि दादांचा हात उशीखाली गेलेला मी पाहिला.
दारात मद्रासहून आलेला चुलता,
हातात केळ्यांच्या वेफर्सचा डबा,
"अरे, मीच हाय की."

मग भागीदारानं त्रिचूरचं दुकान रातोरात रिकामं केलं.
सोनं लोकांचं. नाव आमचं.
त्या आठवड्यात दादा जेवायचे, पेपर वाचायचे,
माझा परीक्षेचा नंबर विचारायचे,
फक्त झोपायचे नाहीत.
चौथ्या रात्री मी पाण्याला उठले
तर ते सोप्यात बसलेले, मांडीवर पिवळा रुमाल,
आणि समोर आक्का लसूण सोलत होती.
रात्री अडीचला. लसूण.
ती काही बोलत नव्हती.
परातीत पाकळ्या वाढत होत्या,
सालं पंख्याच्या वाऱ्यानं दादांच्या पायांपाशी जमत होती.
मी तहान विसरून दाराआड उभी.
दूधवाल्याची एम-एटी वाजली तेव्हा
तिनं हात पुढं केला, हिशेब मागतात तसा.
दादांनी चक्री उघडली.
एकच होतं.
ते तिच्या तळव्यावर ठेवलं.

त्यानंतर दादा एकोणीस वर्षं जगले,
धुरानं करपलेल्या फुप्फुसांनी,
देणी फेडत, मग नातवंडांना वजनं शिकवत.
परवाना दर वेळी नवा होत राहिला.
काडतुसं कुणी मोजली नाहीत.

"वापरलं का हरवलं?" मुजावर विचारतात.
पेन उचललेलं. रकाने दोनच.
चुलीत टाकता येत नाही, एवढं तिला कळत असणार.
विहिरीत टाकलं? शेणाच्या ढिगात?
का अजून घरातच आहे,
तिच्या पेटीत, बांगड्यांच्या डब्यात?
मी कधी विचारलं नाही.
"हरवलं लिहा," मी म्हणाले.
"वारस म्हणून नावावर करायचंय का?"
"नको."
सही केली. शाई नीट उमटली नाही, पुन्हा केली.

बाहेर बाकावर आक्का, पिशवी मांडीशी धरून.
"एवढा येळ? मोजत हुते?"
"हो."
"मग?"
"एक कमी भरलं."
तिनं पदर सारखा केला.
"असू दे कमी," म्हणाली
आणि माझ्यापुढं, भरभर,
स्टँडकडं चालायला लागली.