शिळं माकूल

ससून डॉकला मी शिळं माकूल मागितलं.
"येडी का गं तू?" नागूबाय म्हणाली.
पैसे मात्र ताज्याचेच घेतले.

खारट पाण्यात दोन रात्री.
तिसरीला दिवे घालवले.
काहीच नाही.
मग डोळे सरावले,
आणि बशीच्या कडेला निळसर,
सायीइतकं पातळ काहीतरी.

एकटा जिवाणू उजळत नाही.
दाटी झाली की चाहूल लागते एकमेकांची,
मग सगळे एकदम.

चंबू हलवला, हवा लागली, उजेड चढला.
त्यात घड्याळ वाचलं : तीन वीस.
खिडकीबाहेर कुलाबा, मीटरवर लागलेला.

शनिवारी बाटली घेऊन डॉकवर गेले.
नागूबायनं पदराचा आडोसा केला,
आत बराच वेळ पाहिलं.
"जेवतं काय हे?"
मीठ, म्हटलं, आणि थोडं ग्लिसरीन.
"मग एक ठेव माझ्याकडं.
पहाटे काटा दिसत नाय."