घट धरून

बुरूड आळीत बांबू घेताना
कौसाबाईंनी विचारलं, मांडव कुठाय?
म्हटलं, लाहौलमध्ये. हिमनदीवर.
त्या सुपाची कड वळत राहिल्या.
"लांब दिसतंय. गाव मोठं असंल?"
गाव नाहीये तिथे, बाई.
"मग जेवायला कोण?"

अठ्ठावीस तुकडे, दोन-दोन मीटरचे,
पेरं तपासून निवडलेले.
त्यांनी आपणहून सांगितलं, ओला आहे,
वाळला की हलका होतो, घट धरून घ्या.
मी पावतीच्या पाठीवर शब्द टिपला.
खांबेटे मॅडमच्या वर्गात दोन सत्रं
आम्ही ज्याला मास बॅलन्स म्हणत होतो,
त्याला कामट्यांच्या ढिगात दोन अक्षरं पुरली.

पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने
माझं 'संशोधन' खोडून 'घरगुती सामान' केलं.
झेलमने अंबाल्यापर्यंत,
मग बसच्या टपावर, मग खेचरांवर,
शेवटच्या चढाला अंगरूपच्या खांद्यावर.
तो म्हणाला, आजोबांच्या वेळी बर्फ
त्या पिवळ्या खडकापर्यंत होता.
मी वही काढली, चेहरा गंभीर केला.
तो हसला : आता खेचरांना वाट सोपी झाली.

वाफेच्या ड्रिलने सहा मीटर भोक.
तीन तुकडे तारेने बांधून आत सोडायचे.
बांबू जिथल्या तिथे,
भोवतीचा बर्फ उतरत जातो,
आणि लांबून वाटतं, बांबूच वाढला.
नऊ खांब रोवले. एक तुकडा उरला.

पहिल्या वर्षी चौथा खांब : एकशे चौऱ्याण्णव सेंटिमीटर.
त्याला शून्य पूर्णांक नऊने गुणलं
की बर्फाचं पाणी होतं, कागदावर.
हे मी पाषाणच्या खोलीत केलं, मे महिन्यात,
पंखा तीनवर, पाय बादलीत.

दगडमातीखालच्या बर्फाचं गणित
मला पुस्तकात कळलं नव्हतं.
ते वेताळ टेकडीवर कळलं, चप्पल तुटली तेव्हा.
वरची बोटभर काळी खडी तळवे भाजत होती,
आणि हातभर ढिगाऱ्याखाली बोटं खुपसली
तर आत अजून रात्र होती.
पातळ थर जाळतो, जाड थर राखतो.
एवढं वाक्य प्रबंधात
अकरा पानांचं झालं.

दुसऱ्या वर्षी तोंडाजवळचे तीन खांब
आडवे पडलेले सापडले.
उरलेल्या सहांचं माप घेतलं.
आडव्या बांबूला माप नसतं.
तो फक्त सांगतो, सहा मीटर तरी गेले.
किती वर, कधी, ते नाही सांगत.
तक्त्यात मी तिथे रेघ ओढली.
म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गेलं
तिथेच माझ्याकडे आकडा नाही.

सादरीकरणात बाहेरच्या परीक्षकांनी
नेमकं त्या रेघेवर बोट ठेवलं.
अनिश्चितता किती?
मी उरलेल्या सहांची सांगितली, दशांश चिन्हासकट.
त्यांनी मान डोलावली, चहा आला.
मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या.

प्रस्तावनेत खालच्या खोऱ्यांची
लोकसंख्या भरायची असते, नियम आहे.
ती टाईप करताना दर वेळी
कौसाबाईंचं 'जेवायला कोण' ऐकू येतं
आणि मी कोटी आहे की लाख, पुन्हा तपासते.

उरलेला तुकडा हॉस्टेलच्या गॅलरीत
दोन खिळ्यांवर आडवा आहे,
त्यावर मैत्रिणींचे ओढणी-टॉवेल.
परवा काढून प्रयोगशाळेत वजन केलं.
तीनशे दहा ग्रॅमची घट.
का केलं ते विचारू नका.

काल पुन्हा बुरूड आळीत गेले.
"मागचे परत नाही आणले?"
पडले, बाई. खालचं वितळलं.
त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या,
मागच्या भिंतीशी टेकलेल्या बांबूंवर हात फिरवत
शेवटपर्यंत गेल्या.
"यंदा लांब घे," म्हणाल्या,
आणि मला पहिल्यांदाच अगं केलं.